दोरीच्या गाठीवर निवडलेली चाकं

वाकून बघू नका, मित्रांनो. माझ्या पोटाखाली चाकं नाहीत. मी एक जुनी पिकअप गाडी आहे, वरंध गावात मालोजीच्या अंगणाच्या कडेला मातीवर पोट टेकून पडलेली. येणारे-जाणारे मला बघून “बिचारी” म्हणतात. ही कीव मला नको. कीव करायचीच असेल तर अक्कल गहाण टाकणाऱ्या माणसांची करा. मी नुसती गंजले आहे.

माझा जन्म लढाईसाठी झाला. समुद्रापलीकडच्या कारखान्यात मला घडवलं, खाकी रंग दिला आणि बोटीत घालून इकडे पाठवलं. लढाई संपली तसा माझा उपयोगही संपला. मुंबईला लिलावात मी उभी असताना मालोजीने मला पाहिलं आणि गावाला आणलं. मालोजी हा वरंधचा खाऊनपिऊन सुखी शेतकरी. भाताची चांगली खाचरं, दारात आंबे, गोठ्यात बैल आणि स्वतःविषयी फार मोठं मत. ते मत सोडलं तर माणूस वाईट नव्हता. पण ते सोडायला तो कधी तयार झाला नाही.

सुरुवातीची वर्षं कामाची होती. महाडच्या गिरणीवर भात न्यायचं, येताना मीठ, रॉकेल आणि कौलं आणायची. गावाबाहेरच्या ओढ्यातले धोंडे माझ्या पोटाला घासत, म्हणून मालोजीने महाडच्या मिस्त्रीकडून माझ्या स्प्रिंगच्या कमानींत जादा पाटे घालून घेतले. मी वीतभर वर उचलली गेले. ते मला पटलं होतं. ओढा खराच होता आणि धोंडेही खरेच होते. गरजेपुरती उंची कुणाला नको असते?

माझ्यात बसणाऱ्या माणसांत मला एकच माणूस मनापासून आवडायचं. मालोजीची आई, बयाबाई. गुडघे दुखायचे तिचे, पण माझ्यावर चढायची तिची एक रीत होती. उजवा पाय पायरीवर, डावा हात दाराच्या कडीला, मग एक सुस्कारा आणि ती आत. पदर सावरायची, मांडीवर बोचकं घ्यायची आणि मालोजीकडे न बघता समोर बघत म्हणायची, “हं, चल.” जणू गाडी तो चालवत नव्हता, तीच मला सांगत होती. मला ते फार बरं वाटायचं.

वर्षातून दोन-तीनदा ती पोलादपूरला जायची. तिथे तिची बहीण तुळजाबाई दिलेली होती. दोघी दिवसभर एकमेकींच्या घावनांना नावं ठेवायच्या, आणि निघताना तुळजाबाई परसातले करांद्याचे कंद माझ्या मागच्या हौद्यात टाकायची. एकदा निरोप घेताना तुळजाबाई माझ्या दाराला धरून उभी राहिली.

“बये, भाऊ गेले आपले,” ती म्हणाली. “माहेर म्हणून आता तूच हायेस. मी जाईन तवा लुगडं तूच आण गो. दुसऱ्या कुणाचं नको.”

“आधी मी जाईन,” बयाबाई म्हणाली.

“तू? तू कुठं येळेवर काय केलंस कधी?” तुळजाबाई हसली, आणि बयाबाईही हसली.

तुम्हाला ठाऊक असेल, या भागात बाईच्या शेवटच्या प्रवासाला माहेरचं लुगडं लागतं. कितीही भरल्या घरात नांदलेली असो, ते नसेल तर ती बाई पोरकी गेली असं म्हणतात. बयाबाईने पुढच्याच बाजाराला महाडहून जांभळ्या काठांचं लुगडं आणलं आणि पेटीत जपून ठेवलं.

आता माझ्या चाकांकडे येते. मालोजीचा चुलतभाऊ भागोजी महाडला राहायचा. त्याने लाकडाच्या धंद्यासाठी एक ट्रक घेतला. ट्रकच तो, त्याची चाकं मोठी असणारच. पण एका लग्नात दोन्ही गाड्या शेजारी उभ्या राहिल्या आणि कुणीतरी मालोजीला म्हणालं, “तुजी गाडी भागोजीच्या गाडीचं वासरू दिसते रे!” झालं. लोक हसून जेवायला बसले. मालोजी पानावरून उठला.

त्याने काय करावं? सगळे पंगतीत असताना त्याने एक दोरी घेतली, भागोजीच्या चाकाला खालपासून वरपर्यंत लावली आणि जिथे चाक संपलं तिथे गाठ मारली. ती दोरी कमरेला खोचून तो मुंबईच्या भंगारबाजारात गेला. तिथे चाकांचे ढीग पडलेले. माझ्या मापाची होती, थोडी मोठी होती, मला झेपतील अशीही होती. मालोजीने त्यांतलं कुठलंही हाताने फिरवून पाहिलं नाही, टायर कुठे चिरलाय का हे पाहिलं नाही, माझं इंजिन ते ओढेल का हे तर त्याच्या मनातही आलं नाही. तो फक्त दोरी लावत गेला. जे चाक गाठीच्या चार बोटं वर गेलं ते त्याने निवडलं. बैल घेताना हाच माणूस त्याचे दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. गाडीच्या वेळी त्याला दोरी पुरली.

महाडचा मिस्त्री तर त्याहून थोर. “बसतील ना रे?” मालोजीने विचारलं. “न बसायला काय झालं? बसवू की!” असं म्हणून त्याने माझे चिखलपत्रे करवतीने कापले आणि चाकं ठोकून बसवली. जुनी चाकं मालोजीने तिथेच देऊन टाकली. वळताना टायर पत्र्याला घासून ओरडायचे. चढ आला की माझं इंजिन धापा टाकायचं. ब्रेक दाबल्यावर मी थांबायचे, पण माझ्या सवडीने. तरीही गाव बघायला लोटलं आणि लोकांनी वाहवा केली. मालोजी हनुवटी वर करून चालवायचा. समोरचा रस्ता त्याला दिसत होता की नाही, शंकाच आहे. वर त्याने पत्र्याचं टपही चढवलं, म्हणजे उरलीसुरली कसर भरून निघाली.

आणि माझी पायरी बयाबाईच्या कमरेपाशी गेली.

ती पहिल्यांदा बाहेर आली, बोचकं घेऊन. पाय उचलला, खाली ठेवला. पुन्हा उचलला.

“आये, मी उचलून घेतो तुला,” मालोजी म्हणाला.

“गावासमोर मला पोत्यावानी चढवणार? नाय बसत मी.”

“मग पाट ठेवतो.”

“नि उतरताना रं? पोलादपुरात पाट कोण घेऊन उभा राहील? चाकं लहान कर, मग हाक मार मला.”

मालोजी हसला. म्हातारी हट्टी आहे असं त्याने चारचौघांत सांगितलं. वर्ष गेलं. करांदे यायचे बंद झाले. मोठ्या चाकांवर बसून मालोजी एकटाच फिरत राहिला.

मग शिमगा आला. मुंबईचे चाकरमानी आले, ढोल वाजू लागले, देवीची पालखी घरोघर निघाली. मालोजीने मला धुऊन, झेंडूच्या माळा घालून मुद्दाम अंगणाच्या मधोमध उभं केलं. पालखी दारात आली आणि मुरारी गुरव थबकला.

“गाडी हालव,” तो म्हणाला. “पालखीपेक्षा उंच काय ठेवायचं नाय. माळ्यावरली पोरं पण खाली उतरतात, तुला ठाव नाय?”

“मागल्या परड्यात न्या की हो,” कुणी म्हणालं.

मित्रांनो, इथे सगळं सुटू शकत होतं. मला मागे ढकलायला किती वेळ लागला असता? पण मुंबईचे पाहुणे बघत होते. “माझी गाडी मागं जायची नाय,” मालोजी म्हणाला. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं, “मग हवा काढा चाकांतली!” आणि या कल्पनेवर मोठी माणसं खूश झाली. मुरारीने पालखीचा दांडा माझ्या टपाला लावून पाहिला आणि चारही चाकांची हवा सोडली. मी हळूहळू खाली बसले. टप पालखीच्या कळसाच्या खाली गेलं. ढोल वाजले, गुलाल उडाला, पालखी माझ्यासमोर नाचली. देवीला काय वाटलं असेल ते देवी जाणे. मला लाज वाटत होती.

पालखी पुढच्या घरी गेली आणि दुपारी पोलादपूरहून तुळजाबाईचा पुतण्या पांडू धावत आला. शेवटची एस.टी. त्याला सोडून परत गेली होती. “काकीचं काय खरं नाय,” तो म्हणाला. “सारखी बयामावशीचं नाव घेते.”

बयाबाई ऐकताच उठली. आत गेली, पेटी उघडली, लुगडं घेऊन बाहेर आली. आणि मला बघून थांबली. पायरी खाली आली होती. उजवा पाय तिने पायरीवर ठेवला, डावा हात कडीला, एक सुस्कारा, आणि ती आत होती. लुगडं मांडीवर घेतलं, समोर बघितलं.

“हं, चल.”

मला तेव्हा फुटून जावंसं वाटलं. वर्षभरात ती पहिल्यांदा माझ्यात बसली होती, आणि मी चालू शकत नव्हते.

हवा भरायचा हातपंप होता, पण लहान चाकांसाठी घेतलेला. गुलालाने माखलेली माणसं पाळीपाळीने पंप मारू लागली. त्या अवाढव्य ट्यूबांना काय होणार त्याने? टायर जरासा फुगायचा आणि माणूस दमून बसायचा. बयाबाई खाली उतरली नाही. उतरले तर पुन्हा चढता येणार नाही, हे तिला कळत होतं.

“झालं का रं?” ती विचारायची.

“होतंय, आये.”

उन्हं कलली. मालोजीला धीर धरवेना. “एवढ्यावर जाईल,” म्हणून त्याने मला सुरू केलं. अर्धवट हवेचा टायर फाटकाशीच चाकावरून सरकला, ट्यूबची नळी मुळातून फाटली आणि मी एका बाजूला कलले. असली ट्यूब त्या गावात कुणाकडे असणार? माझ्या मापाची जुनी चाकं असती तर एखादं बसवता आलं असतं. ती तर केव्हाच देऊन टाकली होती.

बयाबाई स्वतःच उतरली. “बैल जुंप,” एवढंच म्हणाली.

बैलगाडी दुसऱ्या दिवशी पोलादपूरला पोचली. तोवर नदीकाठची राख निवत आली होती. तुळजाबाईला जावेच्या पेटीतलं लुगडं नेसवलं होतं. बयाबाई जांभळ्या काठांचं लुगडं घेऊन तशीच परत आली.

मालोजीने माझी दुरुस्ती केली नाही. कोणत्या तोंडाने करणार? पुढे इंजिन गेलं, चाकं गेली, आणि त्या टायरांच्या गावात वहाणा झाल्या. मालोजीच्याही पायात एक जोड आहे. गाठ मारून निवडलेली ती चाकं शेवटी योग्य जागी पोचली.

मित्रांनो, गाडीला मोठी चाकं घालू नका असं मी म्हणत नाही. ओढा असेल, धोंडे असतील तर घाला. पण दोरी घेऊन शेजाऱ्याच्या चाकाकडे जाण्याआधी आपल्या घरातलं कोण गाडीत चढणार आहे ते बघा, आणि माप त्याच्या पावलाचं घ्या. मला कुणी एवढंच विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं.

मी आता इतकी खाली आहे की कोंबड्याही सहज आत येतात. बयाबाई रोज संध्याकाळी येते. गुडघे पार गेले आहेत तिचे, पण इथे तिला कुणाचा हात लागत नाही. फाटक्या आसनावर बसते, ते लुगडं मांडीवर घेते, पदर सावरते. मग समोरच्या आंब्याकडे बघत म्हणते, “हं, चल.”

मालोजी त्या वेळी ओटीवर असला तर उठून आत जातो.