उसने दहा

राहीबाईंनी साळूबाईंना, साळूबाईंनी पारूबाईंना आणि पारूबाईंनी अंजनाबाईंना शाळेत वजाबाकीची एकच रीत शिकवली होती: वरच्या अंकासाठी दहा उसने घ्यावेत आणि खालच्या दशकात एक वाढवून ते फेडावेत. एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात, सांगलीच्या एका कॉलेजात, संगणकाच्या कळफलकासमोर ताठ बसून अंजनाबाई बावन्नातून सत्तावीस वजा करत होत्या.

बारातून सात गेले, पाच उरले. पाचातून दोन गेले, तीन. त्यांनी कळ दाबली.

यंत्र खडखडले. कागदावर रोमन अक्षरांत मराठी उमटले: उसने फेडले का?

कृष्णात मोठ्याने हसला. "आत्या, तुमी चुकलासा? मी चुकलो की कान लालबुंद करत हुतासा!"

"तुझं यंत्र जागं आहे का, ते पाहते. शब्दही माझेच चोरलेस."

साताऱ्यात त्यांच्या घरी राहून शिकलेला हा भाचा. एकाच पायरीवर अडखळणाऱ्या मुलांसाठी त्याने हा प्रोग्रॅम रचला होता आणि तो तपासायला आत्याला बोलावले होते. नोकरी लागल्यापासून तो साताऱ्याला फिरकला नव्हता. तिथे अंजनाबाई एकटीपुरता भात टाकत आणि दार वाजले की आधी पदर सावरत. बहुधा शेजारचे कोणी असे.

पुढच्या उदाहरणातही त्या तिथेच चुकल्या. कृष्णातने खुर्ची जवळ ओढली, लहानपणीसारखे कोपर टेबलावर टेकले.

"आता कुठं अडलं, बघू."

त्यांनी बोट कळेवर तसेच ठेवले. घाई केली नाही.

तिसरे उदाहरण आले तेव्हा त्यांना दिसले, तो घड्याळाकडे पाहून मनगट टेबलाखाली नेत होता.

"काय रे?"

"काय न्हाई. पोरीला ताप हाय. डॉक्टरकडं न्यायचंय. बसा तुमी, लय दिसांनी आलाय."

"सांगायचं नाही होय? गाढवा!"

त्यांनी चष्मा सारखा केला. एककाचा अंक मांडला. मग दशक, एक वाढवून, न चुकता.

यंत्राने लिहिले: बरोबर. उदाहरणे संपली.

"एस.टी.वर सोडतो, आत्या."

"मला वाट ठाऊक आहे. तू पोरीकडे जा."

तो पायऱ्या उतरेपर्यंत त्या बसून राहिल्या. मग कागदावरच्या शेवटच्या ओळीखाली त्यांनी पेन्सिलीने, शाळेत मुलांच्या वहीत मारत तशी, दुहेरी रेघ ओढली. सारे उसने फिटले होते.