डारियाचं डोकं

डारिया पाव्लिशिन आमच्या विद्यापीठाच्या मुलींच्या आइस हॉकी संघाची गोलकीपर आणि मी कप्तान. चार वर्षं एका खोलीत राहूनही मी तिचा गळा दाबला नाही, हीच माझी विद्यापीठातली मोठी कमाई, असं मी तेव्हा भेटेल त्याला सांगायचे. घामाने भिजलेले पॅड ती माझ्या खुर्चीवर वाळत टाकायची. सामन्याच्या दिवशी तिच्याशी कुणी एक शब्द बोललेलं तिला खपायचं नाही, स्वतःच्या तोंडाला मात्र खळ नसायचा. ऐकायची तर कुणाचंच नाही. पण गोलात उभी राहिली की नुसती भिंत; पक, म्हणजे आमच्या खेळातली ती रबरी चकती, आत जायचीच नाही.

आम्ही दाखल झालो त्या वर्षी आमचा संघ अख्ख्या हंगामात एकच सामना जिंकला होता, तोही समोरच्यांच्या निम्म्या मुली तापाने आडव्या होत्या म्हणून. चौथ्या वर्षी आम्ही पश्चिम विभाग जिंकला आणि देशाच्या स्पर्धेसाठी हॅलिफॅक्सला पोचलो. कॅनडाच्या प्रेअरीवरच्या, त्या गवताळ सपाटीवरच्या आमच्या एवढ्याशा विद्यापीठातून तिथवर कुणीच गेलं नव्हतं, मुलांचा संघसुद्धा नाही.

उपांत्य सामन्यात आम्ही एका गोलने पुढे होतो. शेवटच्या सत्रात त्यांची एक धिप्पाड पोरगी भरधाव आली, घसरली आणि थेट डारियावर आदळली. डारियाचं डोकं गोलाच्या खांबावर आपटलं, मास्क उडून बर्फावर गरगरत गेला. मी पोचेपर्यंत ती उठलीही होती. संघाच्या डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नांची तिने धडाधड उत्तरं दिली, मास्क चढवला आणि उरलेला सामना खेळली. आम्ही अंतिम फेरीत गेलो.

संध्याकाळी हॉटेलात ती न्हाणीघरातून बाहेरच येईना. आत उलट्या चालल्या होत्या.

"कोळंबी बाधली," दार उघडत ती म्हणाली.

"तू कोळंबी खाल्लीच नाहीस. डोनट खाल्लास."

"मग डोनट बाधला. दिवा बंद कर."

"डारिया, माझ्याकडे बघ. मी किती बोटं धरलीत?"

"लिओना, तू माझी आई नाहीस."

"किती?"

तिने डोळे बारीक केले. "कुठल्या हाताची?"

मी एकच हात वर केला होता.

मग ती पलंगावर बसली आणि माझं मनगट धरून बोलू लागली. उद्याचा एकच सामना, त्यानंतर आयुष्यभर हवी तेवढी विश्रांती. "चार वर्षं यासाठी घासली आपण. कोचला सांगितलंस तर तुझं तोंड बघणार नाही मी."

"आणि उद्या परत डोक्याला लागलं तर?"

"नाही लागणार."

"तू काय पकला चिठ्ठी पाठवलीयस, डोक्याकडे येऊ नकोस म्हणून?"

ती हसली आणि लगेच कपाळ धरून वाकली. मी तिच्यासमोरच खोलीबाहेर पडले. चीड तिची येत होती, माझीही येत होती, आणि दोन दिवस थांबायला तयार नसलेल्या त्या खांबाचीसुद्धा.

कोच ग्वेननी ऐकून घेतलं, एक सणसणीत शिवी हासडली आणि डॉक्टरांना उठवलं. डारियाला एका पायावर धड उभंही राहता येईना. ती बाद झाली.

सकाळी न्याहारीला आमच्या टेबलावर सुतक. उजव्या बाजूला खेळणारी कर्स्टन माझ्याकडे न बघता म्हणाली, "आज संध्याकाळपर्यंत तोंड मिटून बसवलं नसतं का कप्तानबाईंना?"

"तिला नीट दिसत नाहीये, कर्स्टन."

"एका डोळ्याने खेळली असती तरी ब्रेनापेक्षा बरी खेळली असती."

ब्रेना समोरच बसली होती. ती आमची राखीव गोलकीपर, आणि वर्षभरात तिला बाकावरून फारसं कुणी उठवलं नव्हतं. पावाचा तुकडा हातात धरून ती पुटपुटली, "मी तर मावशीला सांगितलं होतं, इतक्या लांब येऊ नकोस, मी नुसती बसणार आहे."

सामना सुरू झाला न झाला तोच पहिला पक तिच्या दोन पायांमधून आत गेला. इतका हळू, की तिने वाकून उचलला असता. कर्स्टनने वळून माझ्याकडे बघितलं. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

पण त्यानंतर ब्रेनाने दार लावून घेतलं. पडत होती, लोळत होती, एकदा तर तिने पाठीने पक अडवला. कसं करत होती ते तिलाही ठाऊक नसावं. दुसऱ्या सत्रात कर्स्टननेच बरोबरी साधली. सामना जादा वेळेत गेला. तिथे त्यांचा एक साधा फटका दूर बाहेर चालला होता. तो अडवायला मी मध्ये पडले आणि पक माझ्याच स्केटला लागून आमच्या गोलात गेला. जादा वेळेत पहिला गोल झाला की खेळ संपतो.

आमच्या विद्यापीठाचं ते पहिलं पदक, चांदीचं. गळ्यात घातलं तेव्हा ब्रेना हसत होती, मला तिच्याकडे बघवेना.

विमानात डारिया माझ्याशी एकच वाक्य बोलली, "खिडकी लाव." खोलीवर परतल्यावर तेही नाही. डॉक्टरांनी तिला वाचन, फोन, टीव्ही, सगळंच बंद केलं होतं. पडदे ओढून ती पडून राहायची, आणि मी माझ्याच खोलीत चोरासारखी वावरायची. बर्फ वितळायला लागलं, परीक्षा जवळ आल्या.

एका दुपारी तिने भूशास्त्राचं जाडजूड पुस्तक माझ्या मांडीवर आदळलं.

"वाच."

"मला माझा अभ्यास आहे."

"मला वाचायची बंदी आहे. कुणामुळे कळलं डॉक्टरांना?"

मी वाचू लागले. दुसऱ्याच ओळीला तिने अडवलं. "ग्रॅनोडायोराइट. नीट म्हण. दगडाला तरी मान दे."

"तूच वाच मग."

"लिओना, वाच ना."

मी अर्धं प्रकरण वाचलं. ती भिंतीकडे तोंड करून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "मी असते तर जिंकलो असतो."

"असू शकेल."

"असू शकेल नाही. जिंकलोच असतो." मग तिने विचारलं, "ब्रेनाने खरंच पाठीने अडवला?"

"खरंच."

"मूर्ख मुलगी," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात कितीतरी दिवसांनी मजा होती. "पुढचं वाच. आणि जरा हळू, लिहून काढता येत नाही मला, सगळं डोक्यातच ठेवायचंय."