सुनेने कापलेली दोरी

रखमाबाईने मारलेली गाठ सुटत नाही, हे कळव्याचा अख्खा कोळीवाडा मानायचा, आणि सगळ्यांच्या आधी खुद्द रखमाबाई. त्या सकाळी तिने आपल्या कुत्र्याला, बाळूला, ओट्याच्या खांबाला बांधलं तेही तशाच गाठीने आणि होडीच्या कोऱ्या दोरीने. मोकळा ठेवला की बाळू तिच्या डोक्यावरच्या मासळीच्या पाटीमागे थेट कोपरीच्या बाजारापर्यंत यायचा.

दिवस अमावास्येचा. बाराच्या सुमारास उधाण येणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं. पण पाऊस उघडेल असा तिचा होरा, आणि पाऊस काही कुणाच्या बापाचं ऐकत नाही. अकराला कोपरीत गुडघाभर पाणी झालं, गाड्या बंद, फोन लागेना. आपण मुक्या जिवाला आपल्याच हाताने बुडायला बांधून आलो, हे तिच्या ध्यानात आलं. घरी एकटी सून होती, प्राप्ती, सांगलीकडची. तिला ती गाठ सुटणं शक्य नव्हतं. भिजली की ती आणखीच आवळते.

ओहोटी लागल्यावर रखमाबाई खाडीवरचा पूल ओलांडून चालत घराकडे आली. गल्लीत अजून कमरेइतकं पाणी. ओट्याच्या खांबाला दोरीचा कापलेला तुकडा तेवढा होता. पुढे माडाला लांब दोर सोडून बांधलेली त्यांची जुनी होडी तरंगत होती. होडीत बाळू, पाट्यांखाली शेजाऱ्यांची दोन मांजरं आणि कोंबड्या, आणि मधोमध हातात कोयता घेऊन चिंब भिजलेली प्राप्ती.

शेजारच्या गुणाजीने माडीवरून गाऱ्हाणं मांडलं. जनावरं सोडून वर ये म्हणून किती हाका मारल्या, पण पोरीने ऐकलं नाही. शिवाय रखमाबाईची कोरी दोरी कापून टाकली.

रखमाबाईने होडीचा काठ धरला. "ह्या कुनी शिकवला गो तुला?"

"कुणी नाही, आई. गावाकडं पुरात आमची म्हैस दाव्यालाच बुडून मेली," प्राप्ती म्हणाली. "दावं मीच बांधलेलं."

पाण्याला भिते म्हणून दोन वर्षं जिला चिडवलं, तिचा गारठलेला हात रखमाबाईने दोन्ही हातांत धरला. अभिमानाने तिचा ऊर भरून आला होता. मग तिने वर पाहिलं आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "गाठ मी चुकीची मारलेली, गुणाजी. बरा झाला, माझ्या सुनेनी कापली."