औषध नाही, घरचंच आहे

मी चमचा बोलतोय. स्टीलचा, मानेत जरा वाकलेला. एका डब्याचं घट्ट झाकण उघडताना ही मान गेली. दुखलं का, असं विचाराल तर नाही. आम्हा स्टीलच्या मंडळींना दुखणं कमीच.

कारखान्यात एकाच पत्र्यातून आम्ही सगळे भाऊ कापले गेलो, घासले गेलो आणि खोक्यात बसून या घरी आलो. पुढे कोण डब्याबरोबर शाळेतच राहिला, कोण खरकट्याबरोबर कचऱ्यात गेला. मी उरलो. चहा ढवळत होतो, बरं चाललं होतं.

घरात माणसं तीन. आई बेकरीत पाव पाकिटात भरायला जाते. तिचे वडील, म्हणजे आजोबा, दिवसभर घरी. आणि आईची लेक, दुसरीतली, गोल चेहऱ्याची म्हणून गुंडी. या गुंडीला फिट यायला लागल्या. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गुलाबी औषध दिलं. मापाच्या टोपणातून प्यायला गुंडी तयार नव्हती, म्हणून टोपणात मोजायचं आणि माझ्यात ओतून पाजायचं असं ठरलं. तेव्हापासून चहा सुटला, ही नोकरी लागली.

औषध लागू पडलं. फिट थांबल्या. पण आजोबांचा जीव थाऱ्यावर नव्हता. "पोरीला जन्मभर का हे पाजत बसायचं?" म्हणायचे. त्यांच्या एका जुन्या मित्राने तपकिरी पूड आणून दिली. मधात कालवून द्यायची, दुखणं मुळापासून जातं म्हणे. मग शेजारच्या काकू मेंदूला ताकद देणारे थेंब घेऊन आल्या. आईच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"घरचंच आहे गं," आजोबा म्हणाले. "याने काय अपाय होणार?"

ती पूड नक्की कुणाच्या घरची, हे कुणी विचारलं नाही. मी तरी कुठे विचारलं? समोर येईल ते उचलायचं आणि तोंडात रिकामं व्हायचं. चव मला कळत नाही.

सकाळी गुलाबी, मग मधातलं, मग थेंब. गुंडी चोच उघडून बसायची. हळूहळू ती मंदावली. घास तोंडात तसाच धरून पेंगायची. वर्गात बाकावर डोकं टेकायची. एकदा आपल्या बाईंचं नाव तिला आठवेना, आणि आठवत नाही याचं तिला काही वाटेना.

आईने तिला दवाखान्यात नेलं. परत आल्यावर ओट्यापाशी ती आजोबांना सांगत होती.

"डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दुसरं कुठलं औषध चालू आहे का. मी म्हटलं, नाही."

"बरोबरच सांगितलंस," आजोबा म्हणाले.

खोटं कुणीच बोलत नव्हतं. औषध म्हणजे ते गुलाबी. बाकीचं घरचं. डॉक्टरीणबाईंना वाटलं, गुलाबीचीच झोप चढतेय. त्यांनी ते कमी केलं. आणि गुंडीला शाळेच्या जिन्यात फिट आली. हनुवटीला टाके पडले.

पुढच्या वेळी दवाखान्यात रांग मोठी असणार म्हणून आईने बाटली, टोपण आणि मला पिशवीत घेतलं. औषधाची वेळ नेमकी डॉक्टरीणबाईंच्या समोर बसल्यावर झाली. आईने मला भरलं, पाजलं. गुंडीने गिळलं आणि तोंड पुन्हा उघडून धरलं.

"झालं की बाळा, मीट तोंड," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या.

"अजून दोन आहेत ना," गुंडी म्हणाली.

"दोन काय?"

"ते औषध नाही," आई घाईने म्हणाली. "घरचं आहे."

डॉक्टरीणबाई हसायच्या थांबल्या. "घरचं म्हणजे काय काय, ते सगळं सांगा मला."

आईने सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पुडीत काय आहे ते कुठे लिहिलेलं नसतं, म्हणाल्या. झोप आणणारं काही असणार. "मला माहीत असतं, तर मी गुलाबी कमी केलं नसतं." आईला रडूही आलं नाही. मी तिच्या मुठीत होतो. मूठ गार होती, माझ्याइतकीच.

पूड आणि थेंब दवाखान्यात जमा झाले. गुलाबी पहिल्यासारखं झालं. काही दिवसांनी गुंडीने जेवताना बाईंचं नाव घेतलं आणि त्या कशा चिडतात ते करून दाखवलं. आई उठून मोरीत गेली आणि उगाच भांडी घासत बसली.

तुम्हाला एकच सांगायचं आहे. डॉक्टरने विचारलं तर औषध हा शब्द बाजूला ठेवा. चमच्यातून मुलाच्या पोटात जे जे जातं ते सगळं सांगा, मधसुद्धा. आम्ही बोलू शकत नाही.

आजोबांनी मला हात लावणं सोडलं. चहात साखर ओतली की ढवळतही नसत. पण आईची पहाटेची पाळी लागली. "बाबा, उद्यापासून सकाळचं तुम्हीच द्या," ती म्हणाली. वर तोंड न करता म्हणाली, पण म्हणाली.

सकाळी त्यांनी टोपण डोळ्यांजवळ धरलं, उजेडात धरलं, मग माझ्यात ओतलं. गुंडीने गिळलं.

"आजोबा, तुमचं ते गोड?"

"ते संपलं."

"मग आणा ना. मला आवडायचं."

ती दप्तर घेऊन गेली. आजोबांनी मला नळाखाली धरलं. मी केव्हाच स्वच्छ झालो होतो, तरी ते धूतच राहिले.