अकरा मिनिटांची टीप

दोघी बहिणींतल्या थोरलीला पाणीपुरवठा कार्यालयात सगळे कात्रीबाई म्हणत. तिच्या हातातली कात्री सुटून नऊ वर्षं झाली होती, तरी नाव काही सुटलं नव्हतं. पूर्वी रोज सकाळी वर्तमानपत्रं चाळायची, कार्यालयाबद्दलच्या बातम्या कापायच्या, डिंकाने चिकटवायच्या आणि साहेबांच्या टेबलावर ठेवायच्या. आता ते काम संगणकावरचा फीड रीडर करायचा. बिचारा अगदी साधा होता. डावीकडे वर्तमानपत्रांची नावं, नावापुढे न वाचलेल्या बातम्यांचा ठळक आकडा, उजवीकडे मजकूर. दर दहा मिनिटांनी तो आपणहून सगळ्यांच्या दारात जाऊन, काही नवं आहे का, विचारून यायचा. "माणसांपेक्षा बरा," थोरली म्हणायची, "रिकाम्या हाताने परत आला तरी तोंड पाडत नाही."

यादीत सगळ्यात खाली एक नाव होतं, त्याचा पाण्याशी काही संबंध नव्हता. 'टीप'. हा धाकट्या बहिणीचा ब्लॉग. धाकटी शिवणयंत्रं दुरुस्त करायची आणि त्याबद्दल लिहायची: दोरा का तुटतो, बॉबिन कशी बसवावी, टीप ढिली का पडते. चार वर्षं दोघींत बोलणं नव्हतं. आईचं सगळं आजारपण धाकटीने काढलं होतं, आणि आई गेली त्याच आठवड्यात थोरली चार नातेवाइकांदेखत बोलून गेली होती, "हिला काय, ही घरीच तर होती."

थोरलीला शिवण येत नव्हती. साधं बटण लावलं तरी ते तिरकं बसायचं. पण बॉबिनविषयीचा एक शब्द तिने सोडला नव्हता. धाकटीला याचा पत्ता नव्हता. कोण वाचतंय ते फीड रीडर कुणाला सांगत नाही.

गुरुवारी दुपारी ती डबा उघडत होती, तेवढ्यात 'टीप'पुढे एकाचा आकडा उमटला. तिने क्लिक केलं.

"आज मशीनबद्दल काही नाही. काखेतल्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता, तो वाईट निघाला. सोमवारी आठ वाजता दाखल व्हायचंय. फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाचं नाव मागतात. मी तिथे रेघ मारली."

थोरलीने झाकण परत लावलं. आणखी काही लिहिलंय का बघावं म्हणून तिने ब्लॉगवरची ती नोंदच उघडली. पान सापडत नाही, असं उत्तर आलं. पुन्हा उघडली. पुन्हा तेच.

"काय कात्रीबाई, साहेबांना शिव्या छापून आल्या की काय?" शेजारच्या टेबलावरच्या आवक-जावक कारकुनाने विचारलं. "चेहरा उतरलाय."

"आलेलं होतं, आता सापडत नाही."

"मग झालं तर! सापडत नाही म्हणजे आवक नाही. आवक नाही म्हणजे उत्तर द्यायला नको."

पण आवक झाली होती. धाकटीने लिहिलं होतं, काढून टाकलं होतं, आणि मधल्या वेळात रीडर तिच्या दारात जाऊन आला होता. उत्तर दिलं, तर चोरून वाचते हे उघड होणार. नाही दिलं, तर ती सोमवारी एकटी जाणार. थोरली जिन्यात गेली आणि चार वर्षांत न लावलेला नंबर लावला.

"बोल," धाकटी म्हणाली.

"सोमवारी मी येते."

"कोणी सांगितलं तुला?"

"तूच. लिहिलंस ना."

"अकरा मिनिटं होतं ते! घड्याळ बघून काढलंय मी."

"माझ्याकडे येतं गं ते. एकदा आलं की राहतं, तिकडे काढलं तरी."

"कधीपासून येतंय?"

"पहिल्यापासून."

"बॉबिनसुद्धा?"

"बॉबिनसुद्धा."

"तुला बॉबिन म्हणजे काय ते तरी कळतं का?"

"नाही."

पलीकडे हसू आलं की काय, असं थोरलीला वाटलं. नव्हतं आलं.

"ताई, कसं दिसतं ते बघायला लिहिलं होतं मी. नको वाटलं, काढलं. आणि तू ठेवून घेतलंस."

"मी नाही गं, तो रीडर..."

"हो, तू कधी काही करतेस का! पूस ते. आत्ता जा आणि पूस."

थोरली फोन कानाला धरून टेबलाशी आली. कायमचं काढायचं का, असं रीडरने विचारलं. कायमचं या शब्दाशी तिचं बोट जरा अडलं. मग तिने हो म्हटलं.

"पुसलं. येऊ ना?"

"दवाखान्यात नको." धाकटीने श्वास सोडला. "तीन गिऱ्हाइकं मशीन न्यायला येणारेत. माझ्या दुकानात बस हवं तर. मी बाहेरगावी गेलेय म्हण. आणि बहीण म्हणून सांगू नकोस, मग लोक खोदून खोदून विचारतात. किल्ली शेजारी चष्मेवाल्याकडे असेल."

कुठल्या दवाखान्यात, ते तिने सांगितलं नाही. विचारायची थोरलीची छाती झाली नाही.

सोमवारी ती रजा टाकून दुकानात बसली. दुकान कसलं, खोकंच. तेलाचा वास, सुयांच्या डब्या, भिंतीला रांगेने टांगलेले पट्टे. तीन मशीनं, त्यांना दोऱ्याने बांधलेल्या नाव-पत्त्याच्या चिठ्ठ्या. पहिलं गिऱ्हाईक काळं मशीन घेऊन गेलं. दुसऱ्या बाईंनी हिरवं उचलता उचलता विचारलं, "त्या नाहीत का? तुम्ही कोण त्यांच्या?"

"मदतीला आहे," थोरली म्हणाली. चिठ्ठी सोडवून तिने खिळ्याला अडकवली.

तिसरं कुणी आलं नाही. ती फोन समोर ठेवून बसली. चार वाजले, पाच वाजले. चष्मेवाल्याने दोनदा डोकावून चहा विचारला, दोनदा ती नको म्हणाली. पावणेसहाला मेसेज आला.

"गाठ काढली. पुढचं आठवड्याने कळेल. हिरवं देऊ नकोस, सुई नीट बसलेली नाही, बोटात घुसेल कुणाच्या."

हिरव्या मशीनच्या जागी टेबलावर तेलाचा एक डाग होता. थोरलीने 'बरं' एवढंच लिहिलं. खिळ्यावरची चिठ्ठी काढून पत्ता वाचला, दुकानाला कुलूप घातलं आणि मशीन परत मागायला निघाली.