ऱ्हाईनकाठचा उत्तररंग

कोलोनच्या आमच्या मंडळाचं कीर्तन दर मे महिन्यात असतं आणि गेली चार वर्षं ते माझ्या सासूबाईच करतात, मनोरमाबाई. पेटीला मी, तबल्याला माझा नवरा हृषिकेश, झांजांना मंडळाचे अध्यक्ष राजाभाऊ. जागा शेजारच्या कॅथलिक चर्चच्या सभागृहाची. तिथले पाद्री हेर लेनार्ट्स ती आम्हांला आनंदानं देतात, गणपतीलासुद्धा.

यंदा आईंनी आख्यानाचा विषय सांगितला आणि राजाभाऊंनी तोंडाशी नेलेला चहाचा कप खाली ठेवला.

विषय होता यान हुस. गेल्या शरदात आम्ही आईंना कॉन्स्टान्सचं तळं दाखवायला नेलं होतं. तळं राहिलं बाजूला. गावाबाहेर एक मोठा दगड आहे, त्यावर हे नाव कोरलेलं. आई तिथेच थांबल्या. सहाशे वर्षांपूर्वी त्या गावात चर्चची मोठी परिषद भरली होती. प्रागचा हा धर्मोपदेशक लोकांना त्यांच्या बोलीत प्रवचनं सांगायचा, धर्मगुरूंच्या चुका बोलून दाखवायचा. राजाचं अभयपत्र खिशात घेऊन तो परिषदेपुढे आला, तर त्याला कोठडीत घातलं. शास्त्रात माझी चूक दाखवा, मी शब्द मागे घेतो, एवढंच तो म्हणत राहिला. शेवटी डोक्यावर सैतानांची चित्रं काढलेली कागदी टोपी घालून त्याला जाळलं. हिवाळाभर हृषिकेश वाचनालयातून पुस्तकं आणत होता आणि अर्थ सांगत होता. आई वहीत उतरवून घेत होत्या.

राजाभाऊंचं म्हणणं खोटं नव्हतं. ज्यांनी जागा दिली त्यांच्याच घरात बसून त्यांच्या आजोबांची उणीदुणी काढायची, आणि उद्या सभागृह गेलं तर गणपती काय पार्किंगमध्ये बसवायचा? सुदामा करा, ध्रुव करा, कोण नको म्हणतंय.

"परिषदेपुढे उभं केलंत की मला," आई हसून म्हणाल्या. त्या उणीदुणी काढणार नव्हत्याच. त्या वेळी चर्चमध्ये एकदम तीन पोप होते आणि ते भांडण याच परिषदेनं मिटवलं, हेही त्या सांगणार होत्या. मग त्यांचा आवाज खाली आला. "राजाभाऊ, तो माणूस गात होता हो. ज्वाळा तोंडावर आल्या तेव्हा गाणं तुटलं. कुणाचं कीर्तन असं अर्ध्यावर राहिलं, तर आपण उठून घरी जायचं का?"

राजाभाऊंनी कप पुन्हा उचलला. मग तोडगा निघाला. पूर्वरंग म्हणजे निरूपण, ते क्षमेवर. ते झालं की नामाचा गजर होतो आणि यजमानाच्या नात्यानं अध्यक्ष कीर्तनकाराला बुक्का लावून हार घालतात. त्याशिवाय आख्यान सुरू करायचं नाही ही आमची रीत. राजाभाऊ तोवर पाद्रीबाबांचा रागरंग बघणार आणि हार घालताना आईंच्या कानात सांगणार, हुस की सुदामा.

आईंनी मान्य केलं. मंडळाचा शब्द मोडून कीर्तन करायचं नाही, म्हणाल्या. पण त्या आठवड्यात त्यांचं जेवणाकडे लक्ष नव्हतं आणि वही उशाशी होती.

कीर्तनाच्या दिवशी सत्तरेक माणसं. हेर लेनार्ट्स नेहमीप्रमाणे मागे, दाराजवळच्या खुर्चीत. अर्ध्यात उठून जायला बरं. दरवर्षी आम्ही त्यांच्यासाठी जर्मनमध्ये एक पान अर्थ छापतो. यंदा त्यावर पूर्वरंग छापला होता आणि खाली उत्तररंगाची, म्हणजे आख्यानाची, जागा कोरी सोडली होती. काय छापायचं हेच ठरलं नव्हतं ना.

आईंचा आवाज त्या दिवशी असा लागला होता की पेटीवरची माझी बोटं आपोआप चालत होती. क्षमा करणारा लहान होत नाही, त्याच्या हातून देवाचंच काम होतं, असं सांगत त्यांनी गजर धरला. ज्यांना मराठी येत नव्हतं त्यांनीही टाळ्या धरल्या. गजर थांबला. राजाभाऊ हाराचं ताट घेऊन उठले, तेवढ्यात हेर लेनार्ट्स हातात ते पान घेऊन त्यांच्यापाशी आले. खालचा भाग कोरा कसा, त्यांनी विचारलं.

राजाभाऊंना सुदामा सांगून मोकळं होता आलं असतं. पण देवाच्या दारात, हातात हार असताना, त्यांना खोटं बोलवेना. त्यांनी जर्मनमध्ये सगळं सांगितलं, गणपतीच्या काळजीसकट. आई चिपळ्या छातीशी धरून उभ्या होत्या. मी पेटीचा भाता सोडून दिला होता.

हेर लेनार्ट्स कोऱ्या जागेकडे बघत राहिले. हुसची गोष्ट मी व्यासपीठावरून कधी सांगितली नाही, ते म्हणाले. पूर्वरंग क्षमेवर आहे, तर हुसनं काही क्षमेचं म्हटलं होतं का, असंही त्यांनी विचारलं.

"मरण्याआधी गुडघे टेकून," हृषिकेश तबल्यावरूनच म्हणाला, "शत्रूंसाठी क्षमा मागितली."

राजाभाऊंनी ताट हेर लेनार्ट्सपुढे धरलं. "घर तुमचं आहे. यजमान तुम्हीच."

पाद्रीबाबांनी जरा अवघडत हार घातला. बुक्क्याचं काय करायचं ते कळेना, तेव्हा आईंनीच कपाळ पुढे केलं आणि बोट दाखवून दिलं. मग ते मागे गेले, आपली खुर्ची उचलून पहिल्या रांगेत आणली आणि म्हणाले, "हे मी पुढे बसूनच ऐकतो."

आईंनी आख्यान सांगितलं. अभयपत्र सांगितलं, टोपी सांगितली, तीन पोपही सांगितले. शेवटी म्हणाल्या की त्याची राख ऱ्हाईनमध्ये टाकली, कुठे खूण राहू नये म्हणून. आणि ऱ्हाईन वाहत वाहत इथे, आपल्या दारावरून गेली. मग तुटलेलं ते गाणं त्यांनी आपल्या चालीत पुरं केलं. राजाभाऊंच्या झांजा एकदाही चुकल्या नाहीत. हेर लेनार्ट्स डोळे मिटून बसले होते.

आरतीनंतर त्यांनी राजाभाऊंना गणपतीच्या तारखा विचारल्या.

दुसऱ्या दिवशी आई हार घेऊन ऱ्हाईनकडे निघाल्या. वाटेत राजाभाऊ भेटले. नदीत काही टाकलं तर ऑर्डनुंग्सआम्टवाले, म्हणजे पालिकेची माणसं, दंड करतील, त्यांनी बजावलं. परिषदेचा हा निकाल मात्र आईंनी निमूट मानला. हार आमच्या बाल्कनीतल्या तुळशीच्या कुंडीत आहे, आणि तुळस यंदा जोमात आहे.