रोशेल माझी पायरी चढली

मित्रांनो, माझा पिवळा रंग आता पूर्वीसारखा झळझळीत राहिलेला नाही, पण मी अजून धावते. मी अमेरिकेतल्या फ्लिंट शहरातल्या एका शाळेची जुनी बस. कारखान्यातून आले तेव्हा माझ्या सीटांना नव्या बुटांसारखा वास यायचा. आता ओल्या मोज्यांचा येतो. चालायचंच.

माझी लाडकी फेरी ऑक्टोबरातली. मुलांना घेऊन मी सफरचंदाचा रस काढणाऱ्या गिरणीवर जाते. तिथं डोळ्यांदेखत तळलेले डोनट मिळतात. सोबतीला काही आईबाबाही येतात. इमानी नावाच्या मुलीची आई रोशेल मात्र दर वर्षी फुटपाथवरूनच हात हलवायची. इमानी तिच्यासाठी कागदी रुमालात एक डोनट आणायची. तो गार, चिवट झालेला असायचा. रोशेल तो कौतुकानं खायची.

एकोणीस वर्षांची असताना ती मैत्रिणीनं चोरलेल्या गाडीतून, चोरीची आहे हे ठाऊक असून, भटकायला गेली होती. शिक्षा तिनं पुरी भोगली. पण सरकारदरबारी गुन्ह्याची नोंद राहिली, आणि तेवढ्यावरून शाळा तिला मुलांसोबत पाठवत नसे.

मला चालवणाऱ्या मिस व्हर्लीन एकदा तिला म्हणाल्या, "अगं, ही बस मी स्वतः खांबावर घातली होती. पोचा काढला, रंग दिला. आता कुणी विचारतं का? तुझाच पोचा जन्मभर मिरवायचा होय? जा कोर्टात."

रोशेल गेली. या सप्टेंबरात माझ्या दाराशी येऊन मिस व्हर्लीनना म्हणाली, "जजबाईंनी नोंद काढून टाकली. म्हणाल्या, यापुढे कुणी विचारलं तर 'नाही' म्हणायचा तुला कायद्यानं हक्क आहे."

"मग रडतेस कशाला?"

"रडत नाहीये. धूर गेला डोळ्यात."

"इंजिन बंद आहे गं बाई."

सहलीच्या सकाळी गुरुजी, मिस्टर होबार्ट, माझ्या पायरीशी उभे होते. येणाऱ्या प्रत्येक पालकाला विचारत होते, "कधी गुन्हा सिद्ध झालाय?"

रोशेलचा पाय पायरीवर होता. इतक्या वर्षांच्या सवयीचा 'हो' तिच्या ओठांवर आलेला मला दिसला. खिडकीला नाक लावून इमानी बघत होती.

"नाही," ती म्हणाली. मग स्वतःलाच ऐकू जावं म्हणून पुन्हा, "नाही."

"या, बसा," गुरुजी म्हणाले. एवढंच.

"लवकर चढ," मिस व्हर्लीन खेकसल्या, "डोनट तुझी वाट बघत बसणार नाहीत."

त्या दिवशी मी चढणीवरसुद्धा धापा टाकल्या नाहीत. गिरणीपाशी उभी राहून मी पाहिलं: गरम डोनटनं रोशेलची जीभ भाजली, आणि ती हसत हसत दुसरा मागायला गेली. परतताना इमानीच्या रुमालात डोनट होताच. मिस व्हर्लीनसाठी.

"गार झालाय," त्या कुरकुरल्या आणि सगळा खाल्ला.

मित्रांनो, माझ्या सीटा फाडू नका, हे तर मी सांगणारच. पण आपल्या चुकीची शिक्षा भोगून जो पुन्हा दाराशी आलाय, त्यालाही पायरीवर ताटकळत ठेवू नका. थोडं सरका. माझ्या एका सीटवर तिघं आरामात बसतात.